वरची मूठ

फाईल सत्तावीस. योजना: कृषिमालाच्या विपणनात सुधारणा.
लाभार्थी: चंद्रावती फोंडू वेळीप, गाव खोल, तालुका काणकोण.
मंजूर: एक इलेक्ट्रॉनिक काटा, एक मोठी छत्री,
पिशव्यांची तोंडं चिकटवायचं यंत्र
आणि पाचशे लेबलं, दोन रंगांत.
मी नुसता मोजायला आलो होतो.

चावडीचा बाजार, शनिवार, साडेआठ.
छत्री होती. पण तिच्या सावलीत
आगोंदची रुझारीन, तांबड्या भाजीच्या जुड्या पाण्यानं शिंपत,
आणि चंद्रावती बाहेर, उन्हात, मिरचीच्या ढिगाशी.
"मिरचीक ऊन बरें," म्हणाली, "भाजी सुकता."
रकाना चार: साहित्य लाभार्थीच्याच वापरात आहे काय?
होय, लिहिलं.
पेन जरा अडखळलं, मग चाललं.

लेबलांच्या गठ्ठ्याचं रबर अजून सुटलेलं नव्हतं.
एक ओढून तिनं माझ्या हातात दिलं. चार बोटं रुंद.
वर डोंगराचं चित्र, टोकाला बर्फ.
खाली नाव, निव्वळ वजन, किंमत, तारीख.
"ही रंगाची, तिखटाला दुसरी घे,
बिया अर्ध्या काढ, भिजव,
मग खोबऱ्यात घालून वाट, घाई नको,
हे सगळं खंय बरोवचें हांगा?"
मी लेबल उलटं करून पाहिलं.
मागे गोंद होता.

आणि पिशवीचं तोंड चिकटवलं
तर माणूस देठ मोडून वास कसा घेणार?
मार्गदर्शक सूचना माझ्याकडे होत्या, अठरा पानं.
चाळल्या. खोटं नाही सांगत.

काटा मात्र मांडलेला होता.
फडक्यानं पुसलेला, कडेला पहिल्या दिवसाचं कुंकू.
मडगावहून आलेल्या एका बाईनं पाव किलो मागितली.
चंद्रावतीनं ओंजळीनं घातली, अंदाजानं,
आकडा बरोबर दोनशे पन्नासवर थांबला,
आणि मग तिनं वर एक मूठ टाकली.
दोनशे सत्त्याऐंशी.
"जास्त झालं," मी म्हटलं, "काढ की."
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी देवळात चपला घालून गेलोय.
"काडूं? घातिल्लें?"

मग जरा वेळानं, स्वतःशीच:
"आदीं आंकडो दिसनाशिल्लो. आतां दिसता."
एवढंच.

बाजूच्या चहाच्या टेबलावर मी हिशेब मांडला,
माझ्या कामात तो बसत नाही तरी.
सदतीस ग्रॅम. दिवसाला वीस गिऱ्हाइकं धरली.
हंगामाचे सोळा शनिवार. एकतीस वर्षं.
तीनशे सदुसष्ट किलो.
दर बदलत गेला म्हणून रुपये काढता येईनात,
पण आमच्या मंजुरीच्या आकड्यापुढे तो जातो
हे कळायला दर लागत नव्हता.
अर्जात विचारलंय: यापूर्वी कुठलं अनुदान घेतलं आहे काय.
दिलं आहे काय, असा रकाना नाही.
चहा गार झाला. साय आली.

शेवटी फोटो. लाभार्थी साहित्यासह, चेहरा स्पष्ट.
रुझारीन उठायला लागली,
हिनं तिचा पदर धरून खाली बसवलं.
तीन वेळा काढला. तिन्हींत भाजी आली.

निघताना मीही पाव किलो घेतली.
पैसे पुरे दिले, पावाचे,
सरकारी माणसानं फुकट घेऊ नये म्हणून
मोजून, सुट्ट्यासकट.

रात्री घरी, बायकोच्या केकच्या काट्यावर
कागदाची पुडी ठेवली.
दोनशे ब्याण्णव.

पुडी परत बांधली.
बोटं नकळत डोळ्याला लागली.